मूळ निवासाचा रकाना

बाबांचं अक्षर फार सुरेख होतं. ते कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. ट्रान्सफॉर्मरच्या ड्रॉइंगवर रोज आठ तास अक्षरं काढायचे, त्यामुळे त्यांनी लिहिलेली किराण्याची यादीसुद्धा छापल्यासारखी दिसायची. माझा मध्य प्रदेशातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म त्यांनीच भरला. अनुराधा यशवंत करंबेळकर, जन्मतारीख, बारावीचा रोल नंबर, सगळं रेघेवर रेघ. नवव्या रकान्यात 'मूल निवासी राज्य' असं विचारलं होतं. तिथे त्यांनी क्षणभरही न थांबता 'महाराष्ट्र' लिहिलं आणि जागा उरली होती म्हणून पुढे 'कऱ्हाड, जिल्हा सातारा' असंही घातलं. मी शेजारीच बसले होते. मला ते वाचून अभिमान वाटला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी सगळं खापर बाबांच्या डोक्यावर फोडलं.

माझा जन्म भोपाळचा. पिपलानीतल्या ज्या क्वार्टरमध्ये मी रांगले तिथेच बसून सतराव्या वर्षी इंटिग्रेशन करत होते. कारखान्याच्या भोंग्यावर आम्ही उठायचो, भोंग्यावर जेवायचो. डावीकडे केरळचे लोक, उजवीकडे बंगाली, समोर आंध्रातले, आणि प्रत्येक जण रिटायर झाल्यावर आपापल्या गावी जाणार होता. आमचे बाबा तर त्याच्याही आधी निघणार होते. चौसष्ट साली आले तेव्हापासून ते निघतच होते. बरोबरीच्या लोकांनी सोसायटीत प्लॉट घेतले तेव्हा आईनं दोनतीनदा विषय काढून पाहिला. बाबा म्हणायचे, आपल्याला इथे कुठे राहायचंय. आई मग भांडी जरा जोरात ठेवायची.

कऱ्हाडला आमच्या दोन खोल्या होत्या, निदान मला तसं माहीत होतं. मागे आड, आडाजवळ कढीपत्ता, आणि चालत दहा मिनिटांवर कृष्णा. दरवर्षी मे महिन्यात पंधरा दिवस आम्ही तिथे जायचो. सदाशिवकाका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, तिथेच राहायचे. उरलेले साडेअकरा महिने मी त्या पंधरा दिवसांची आठवण काढत काढायची. शाळेत मैत्रिणी 'मामा के घर' जायच्या गप्पा मारायच्या, मी फक्त कऱ्हाडबद्दल बोलायची, इतकं की त्या मला 'कराड एक्सप्रेस' म्हणायच्या. चिडवलं की मी चिडायची. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता, नाकावर राग.

बाबांनी बेत आखून ठेवला होता. कऱ्हाडला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. बारावी झाली की अनूनं तिथे जायचं, आपल्या घरात राहायचं, काकूच्या हातचं खायचं. आपल्यापैकी एक माणूस आधी परत जाईल, मग आम्ही दोघं येऊच. हा बेत ते रविवारी जेवताना सांगायचे आणि माझं जेवणाकडे लक्षच राहायचं नाही. मला इंजिनिअर व्हायचं होतं की कऱ्हाडला जायचं होतं, हे मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही. पण अभ्यास मी जीव तोडून केला.

अभ्यास घ्यायला गोपीनाथ सर होते. मूळ नागपूरचे. छप्पन साली राजधानी नागपूरहून हलली तेव्हा सरकारी कचेऱ्यांबरोबर भोपाळला आले, गणित शिकवून रिटायर झाले आणि मुलाला कारखान्यात नोकरी लागल्यावर आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले. पहाटे साडेपाचला त्यांच्या व्हरांड्यात आम्ही आठ जण सतरंजीवर बसायचो. महाराणा प्रताप नगरात तेव्हा नुकते कोचिंगचे बोर्ड लागायला लागले होते, पण सर म्हणायचे, बोर्ड वाचून कोणाला लिमिट येत नाही. चार पर्यायांतले दोन चुकीचे कसे ओळखायचे, हे ते सोडवायच्या आधी शिकवायचे. एकदा वर्गात त्यांनी सगळ्यांना विचारलं की मूल निवासीचा, म्हणजे इथले रहिवासी असल्याचा, दाखला काढला का. सात हात वर गेले. मी म्हटलं, मला लागणार नाही, मी कऱ्हाडला जाणार आहे.

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "अगं बाई, तिकडे तुला कोण ओळखते? इथला कागद करून ठेव," ते म्हणाले. संध्याकाळी घरी येऊन ते बाबांनाही समजावून गेले. बाबांनी त्यांना पोहे खाऊ घातले आणि विषय पावसापाण्याकडे वळवला. सर गेल्यावर म्हणाले, एकदा इथला शिक्का बसला की तिकडचं दार बंद होतं, गोपीनाथ सरांचं काय, ते इथलेच होऊन गेलेत. 'इथलेच' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मला सरांची दया आली.

परीक्षा जूनमध्ये झाली. केंद्र कोटरा सुल्तानाबादमधल्या एका शाळेत आलं होतं, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. बाबांनी रजा काढली आणि मला स्कूटरवर घेऊन गेले. दोन पेपरांच्या मधल्या वेळात आम्ही एका कडुनिंबाखाली बसून दशम्या खाल्ल्या. गणिताच्या पेपरला मी नेहमीप्रमाणे ओठांत पुटपुटत आकडेमोड करत होते, "सात नवे त्रेसष्ट" वगैरे. पर्यवेक्षक बाई माझ्या बाकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि कोणता मंत्र म्हणतेस म्हणून विचारलं. मी पाढे म्हणतेय म्हटल्यावर त्या हसल्या. पाढे मला मराठीतच यायचे. बाबांनी शिकवले होते, कऱ्हाडच्या शाळेत त्यांना जसे शिकवले होते तसे. पेपर उत्तम गेला आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. ही परीक्षा मी सरांच्या समाधानासाठी देत होते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कऱ्हाडच्या कॉलेजला केलेला माझा अर्ज परत आला. बरोबर चार ओळींचं पत्र होतं. उमेदवाराने दहावी-बारावी महाराष्ट्राबाहेर केली आहे, महाराष्ट्रातल्या अधिवासाचा दाखला जोडलेला नाही, सबब अर्ज विचारात घेता येत नाही. अधिवासाचा दाखला म्हणजे तिथे सलग पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा. माझे तिथले सगळे मे महिने एकत्र केले तरी ते वर्षभराचेही झाले नसते. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. मी आतल्या खोलीत जाऊन पलंगावर पडले आणि रडले. कॉलेजसाठी नाही. ती नदी, तो आड, काकूचा आवाज, सगळं मला कोणीतरी तोंडावर नाकारलं होतं. मी स्वतःला ज्या गावची समजत होते त्या गावानं मला ओळख दिली नव्हती.

आठ दिवसांनी इथल्या परीक्षेचा निकाल लागला. राज्यात माझा एकशे बारावा नंबर आला असता. आला असता, असं म्हणते, कारण राज्याच्या यादीत माझं नावच नव्हतं. ते होतं शेवटच्या पानावर, बाहेरच्या राज्यांतल्या उमेदवारांत. त्यांच्यासाठी मोजक्याच जागा होत्या आणि त्या माझ्या आधीच संपत होत्या. गोपीनाथ सरांनी चौकशी करून सांगितलं की जागावाटपाच्या दिवशी मूल निवासीचा दाखला हजर केला तर यादी बदलता येईल. जागावाटपाला नऊ दिवस होते. ते चुकलं की वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी काय होणार हे कोणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी बाबांना नको नको ते बोलले. तुमच्या गावापायी मी ना इकडची राहिले ना तिकडची, असं म्हणाले. आईनं मला गप्प केलं नाही. बाबा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, उद्या तहसिलीत जाऊ.

तहसील कचेरीत मूल निवासीचं काम बघणारे बाबू पन्नाशीचे, पान खाणारे, बोलायला मऊ होते. त्यांनी कारखान्याचं नोकरीचं पत्र पाहिलं, माझा जन्माचा दाखला, शाळेची सर्टिफिकेटं, रेशन कार्ड, सगळं चाळलं आणि खूश झाले. मग परीक्षेच्या फॉर्मची नक्कल त्यांच्या हातात आली. नववा रकाना वाचून त्यांनी मान हलवली.

"भाईसाहब, आपने अपने हाथ से महाराष्ट्र लिखा है. कराड भी लिखा है," ते म्हणाले. "वहाँ मकान-ज़मीन होगी?"

बाबा खाली मान घालून टेबलाच्या कडेकडे बघत होते. मला त्यांचा राग आला. नऊ दिवसांतला एक दिवस असाच चालला होता, आणि शिवाय आपलं घर आहे हे सांगायला माणूस इतका का अडखळतो, असं मला वाटलं. मीच बोलून मोकळी झाले.

"है न. दो कमरे हैं हमारे, कुआँ भी है."

बाबूंनी पेन खाली ठेवलं. घर तिकडे आहे, फॉर्मवर गाव तिकडचं आहे, मग इथले रहिवासी म्हणून सही कशी करू, असं त्यांनी मलाच विचारलं. दाखला तिकडचाच काढ बिटिया, म्हणाले. त्यांच्या सुरात कुठेही खोच नव्हती. मी एका वाक्यात स्वतःची जागा घालवली होती.

तेव्हा बाबांनी मांडीवरची रेक्झिनची पिशवी उघडली. तिच्यात तळाशी एक प्लॅस्टिकचं पाकीट होतं. त्यातून त्यांनी स्टॅम्प पेपरचे दोन पिवळट कागद काढले आणि बाबूंच्या पुढे ठेवले.

"नहीं है साहब. ये नहीं जानती," ते म्हणाले. "सन तिहत्तर में मैंने अपना हिस्सा भाई के नाम छोड़ दिया."

ते हक्कसोडपत्र होतं. त्र्याहत्तर साली मी तीन वर्षांची होते. मराठीत लिहिलेलं असल्यामुळे बाबूंनी कागद परत बाबांकडे सरकवला आणि जरा मतलब सांगा म्हणाले. मग बाबांनी उभं राहून ते पत्र वाचलं. एक ओळ मराठीत वाचायचे आणि तिचं हिंदी करायचे. मी यशवंत गोपाळ करंबेळकर, राहणार भोपाळ. वडिलांच्या पश्चात कऱ्हाड येथील राहत्या घरातील माझा हक्क. माझे वडील बंधू सदाशिव यांच्या लाभात. स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता. "अपनी खुशी से," बाबा म्हणाले आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. मग आडाची चतुःसीमा आली. पूर्वेस अमक्याची भिंत, पश्चिमेस बोळ, आडाचे पाणी भरण्याचा हक्कही सोडला आहे. बाबा तेही नीट सांगत गेले. मागे रांगेत उभे असलेले लोक ऐकत होते.

मला एकदम एक मे महिना आठवला. काकूनं आमच्यासाठी नव्या चादरी घातल्या होत्या आणि बाबांना कॅलेंडर लावायला भिंतीत खिळा ठोकायचा होता. त्यांनी काकांना विचारलं, ठोकू का? मी तेव्हा हसले होते. स्वतःच्या घरात खिळा ठोकायला कोणी विचारतं का, म्हणून.

बाबूंनी सगळं ऐकून घेतलं. इथे प्लॉट, घर काही आहे का, त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, क्वार्टर आहे, नोकरी आहे तोवर.

"मतलब न यहाँ मकान, न वहाँ," बाबू म्हणाले. "तो फिर क्या लिखूँ, भाईसाहब?"

"लिखिए कि यहीं रहूँगा."

शपथपत्राचा मजकूर बाहेर टाइपरायटरवाल्यानं काढून दिला. मी मध्य प्रदेशचा रहिवासी असून यापुढेही कायम येथेच राहण्याचा माझा इरादा आहे, अन्य कोणत्याही राज्यात माझं निवासस्थान नाही. बाबांनी त्याखाली सही केली. तीच ती सुरेख सही, एकही अक्षर न हलता. दाखला चार दिवसांनी मिळेल असं सांगितलं.

बाहेर आम्ही टपरीवर चहा घेतला. मला माफी मागायची होती, पण मी उलट चिडूनच विचारलं की इतकी वर्षं सांगितलं का नाही. बाबा बशीत चहा ओतत म्हणाले की आजोबा आजी दोघांचं सगळं सदाशिवनं केलं, नऊ वर्षं. मी वर्षातून पंधरा दिवस जाणारा. ज्यानं केलं त्याचं घर, यात मला वाईट वाटलं नाही. सदाशिव नको म्हणत होता, मीच आग्रहानं सही केली.

"मग फॉर्मवर का लिहिलंत?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. "अगं, घर दिलं. पण मला कोणी कागदावर विचारलं की कुठला, तर तेवढं तरी लिहायला मिळायचं. ऑफिसात, बँकेत, तुझ्या शाळेत. सवय झाली होती," ते म्हणाले. "त्यापायी तुझं नुकसान होईल हे डोक्यात आलं नाही. चुकलंच माझं."

बाबा माझ्याकडे कधी चूक कबूल करत नसत. मी त्यांच्या हातातली बशी घेतली आणि टपरीवाल्याला परत केली, तेवढंच मला सुचलं. त्यांना मिठी मारावी असं फार वाटलं. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती.

आईला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता तिनं विचारलं की सोसायटीत अजून प्लॉट शिल्लक आहेत का. बाबा म्हणाले, बघतो. आणि खरंच बघायला गेले.

जागावाटप एका मोठ्या हॉलमध्ये होतं. फळ्यावर कॉलेजांची नावं आणि त्यापुढे उरलेल्या जागा खडूनं लिहिल्या होत्या. दर पाच मिनिटांनी एक माणूस येऊन आकडा पुसायचा आणि एक कमी करायचा. भोपाळच्या कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या चार जागा होत्या, मग तीन झाल्या. माझं नाव पुकारलं तेव्हा दोन उरल्या होत्या. बाबा माझ्या मागोमाग टेबलापर्यंत आले.

टेबलामागचे साहेब वयस्कर होते. त्यांनी माझा फॉर्म एका हातात धरला आणि दाखला दुसऱ्या. फॉर्मवर कऱ्हाड, दाखल्यावर मध्य प्रदेश. फळ्यावरचा माणूस डस्टर हातात घेऊन उभा होता. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बेटा, तुम आख़िर हो कहाँ की?"

उत्तर मला ठाऊक होतं. आठवडाभर घोकलं होतं. पण खोटं बोलायचं नव्हतं, खरंही बोलवत नव्हतं. साहेब वाट बघत होते. मागून बाबांचा हात माझ्या खांद्यावर आला.

"यहीं की है, साहब," बाबा म्हणाले. "यहीं पैदा हुई. हम सब यहीं के हैं."

त्यांचा आवाज स्वच्छ होता, ड्रॉइंगवर माप सांगावं इतका. साहेबांनी शिक्का मारला. फळ्यावरच्या माणसानं दोनाचा आकडा पुसून एक केला. मला जागा मिळाली होती. पुढची चार वर्षं मी तिथेच शिकले, पुढे नोकरीही याच शहरात केली, आणि बाबांनी बांधलेल्या घरात आज मी राहते. पण त्या दुपारी शिक्क्याची शाई वाळायची वाट बघत मी टेबलाशी उभी होते, बाबांचा हात अजून खांद्यावर होता, आणि मला घरी जायचं होतं. इतकं घरी जावंसं मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही. डोळे मिटले तर समोर पिपलानीचं क्वार्टर येत नव्हतं. पश्चिमेस बोळ, पूर्वेस कोणाची तरी भिंत, आणि मधे तो आड, ज्याचं पाणी भरायचा हक्कसुद्धा आम्हाला नव्हता.